सोड आणि सोऽऽड

माझा मोठा भाऊ तलावात गेला त्याला आता दोन उन्हाळे झाले. लोक अजून विचारतात, काय झालं होतं? मी सांगते, करंट लागला. बाहेरच्यांचं तेवढ्यावर भागतं. गावातल्यांचं भागत नाही. ते पुढं विचारतात, "चुकून लागला का लावला?" आणि विचारताना माझ्याकडे नाही, माझ्या चुलतभावाच्या घराकडे बघतात. म्हणून हे लिहिते आहे. बोलायला मी कमी नाही, वर्गात तासभर उभी राहून बोलू शकते. पण ही गोष्ट एका शब्दाच्या लांबीची आहे, आणि ती तोंडी सांगायला गेलं की माणसं मध्येच हसतात, नाहीतर चिडतात.

आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. सावलीच्या पुढे वैनगंगेकडे जो धानाचा पट्टा आहे, त्यातलं गाव. बाप, आजा, आज्याचा बाप, सगळ्यांचा जन्म पाण्यात गेला. आमच्या घरात पहिली पदवी माझी. चंद्रपूरला खोली करून बीएस्सी, मग तिथंच प्राणिशास्त्रात एमएस्सी. हे मी मिरवून सांगते. माझ्याआधी आमच्या मोहल्ल्यातली एकही मुलगी बारावीच्या पुढं गेली नव्हती, तेव्हा ज्यांना नाक मुरडायचं त्यांनी मुरडावं.

आधी तो शब्द सांगते.

तलावात मोठं जाळं ओढतात तेव्हा एक जण छातीभर पाण्यात असतो आणि बाकीचे काठावर दोर धरून. पाण्यातल्याला दोर सैल करून हवा असला की तो ओरडतो, "सोऽऽड." लांब, शेवटी किंचित वर चढणारा. म्हणजे दोर देत राहा. आणि जाळं खुंटाला अडकलं, किंवा यात आता काही लागणार नाही असं त्याला कळलं, की तो म्हणतो, "सोड." तुटका. म्हणजे हात काढा, राहू द्या, संपलं. अक्षरं तीच दोन. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. लहानपणी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, खेळताना तुटका "सोड" कानावर आला की मान न वळवता कळायचं, बाबा आता बाहेर येणार.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी सरांनी मला सेमिनारला विषय दिला: दुबळी वीज असणारे मासे, त्यांचे संकेत, आणि ते संकेत पिढ्यान्‌पिढ्या कसे बदलत गेले. वर्गात एक जण म्हणाला, ढिवराच्या पोरीला मासेच मिळणार. मी म्हटलं, हो, आणि तुझ्यापेक्षा जास्त मार्क पण मिळणार. पण खरं सांगायचं तर असे मासे मी बघितलेच नव्हते. आपल्याकडे ते नाहीत. आफ्रिकेतल्या गढूळ नद्यांत आहेत आणि दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत आहेत. मजा अशी की दोन्हीकडचे मासे एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत. दोघांनी आपापल्या पाण्यात, एकमेकांना न विचारता, तीच युक्ती मिळवली. बहुतेकांत अंगातल्या स्नायूचंच हळूहळू रूपांतर होऊन एक अवयव तयार झाला. तो आखडत नाही, फक्त वीज देतो. तीही इतकी कमी की हातात धरला तरी आपल्याला काही कळणार नाही.

मे महिन्यात सेमिनारचे कागद घेऊन मी गावी आले. भाऊ संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचा आणि मी काय वाचते ते विचारायचा. तो आठवीपर्यंतच शिकला होता, पण पाण्यातल्या गोष्टीत त्याला जेवढा रस होता तेवढा माझ्या वर्गातल्या कोणालाच नव्हता.

"मंग त्या करंटनं थो मासा करते काय?" त्यानं विचारलं.

"आधी पाहायसाठी वापरत असन. गढूळ पाण्यात डोळ्यानं दिसत नाई ना. तं सोताच्या आजूबाजूले करंट सोडते, अन् मधात काई आलं की त्याच्या कातडीले समजते."

"अन् मंग?"

"मंग त्याच करंटनं बोलाले लागला. मी अमक्या जातीचा, मी नर, मी चिडलो, मी दबलो. हरेक जातीचा ठोका अलग. कोणाचा आखूड, कोणाचा लांब. काई जातीत नराचा ठोका मादीपेक्षा लांब रायते."

"आपल्या इथी उलटं आहे," तो म्हणाला आणि आत बघून मोठ्यानं म्हणाला, "बायकोचाच लांब रायते." आतून वहिनीनं भांडं आपटलं.

मग मी त्याला पुढचं सांगितलं, जे मला सगळ्यात आवडलं होतं. बोललं की फक्त आपलंच माणूस ऐकतं असं नाही. त्याच पाण्यात असे शिकारी मासे आहेत जे स्वतः बोलत नाहीत, पण दुसऱ्याची वीज त्यांच्या कातडीला कळते. ते बोलणाऱ्याच्या आवाजावर येतात आणि त्याला खातात. लांब, संथ ठोके त्यांना चांगले कळतात. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी जातींचा ठोका असा बदलत गेला की आपल्या जातीला कळावा आणि खाणाऱ्याला कमी कळावा. ज्यांचा बदलला नाही त्यांतले बरेच खाल्ले गेले. आणि अगदीच संकट आलं तर काही मासे ठोका बंद करतात. गप्प बसतात.

"तसा ऐकणारा मासा आपल्या इथी पण आहे," मी म्हटलं. "शिंगूर. वागूर पण. दोघंही चिखलातले मिशावाले. त्यांच्या कातडीवर बारीक छिद्रं असतात, त्यांतून करंट समजते त्यांले."

"म्हंजे शिंगूर चुगलखोर होय!" भाऊ मांडीवर हात मारून हसला. "बोलत काईच नाई अन् ऐकते सगळ्याचं. आपल्या आत्यासारखी." मग थोड्या वेळानं तो म्हणाला, "तरीच. करंट लागला की चिखलातून पयले शिंगूरच बाहेर येते."

मी कागद खाली ठेवले. भाऊ करंटनं मासे मारतो हे मला माहीत होतं, पण त्यानं माझ्यासमोर कधी कबूल केलं नव्हतं.

हे आमच्याकडे बरेच जण करतात आणि सगळे नाही म्हणतात. शेतीच्या लाइनवरून वायर आणायची आणि पाण्यात बुडवायची. मोठे मासे मरतात, पिल्लं मरतात, किडेसुद्धा मरतात. मच्छीमार संस्थेची बंदी आहे, कायद्याचीही आहे. पण तलाव गाळानं भरला, जाळ्याला काही लागेना, आणि भाऊसारख्या तरण्या माणसांना हा धंदा सोपा वाटायला लागला. बाबांनी त्याच्याशी या गोष्टीवरून बोलणं टाकलं होतं. बाबा म्हणायचे, पाण्यात उतरून धरशील तो मासा, बाकी चोरी.

भाऊच्या जोडीला माझा चुलतभाऊ असायचा. माझ्याहून वर्षानं लहान. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे हेल्पर होता, काम संपलं म्हणून गावी आलेला. वायरीचं त्याला कळायचं. त्या होळीला दोघांची मारामारी झाली होती. भाऊनं चौकात चार लोकांसमोर त्याला थापड मारली आणि त्यानं ओरडून म्हटलं होतं, "पाहून घेईन तुले!" अशा वाक्याला आमच्या गावात काही किंमत नाही, आठवड्यातून दोनदा कोणी ना कोणी कोणाला पाहून घेतं. पंधरा दिवसांनी दोघं परत एका ताटात जेवत होते. पण वाक्य गावानं ऐकलं होतं.

त्यांची पद्धत तीन माणसांची होती. भाऊ पाण्याशी. चुलतभाऊ पाळीच्या पलीकडे शेतातल्या खांबाशी. पाळ उंच, म्हणून खांबाजवळून पाणी दिसत नाही आणि पाण्याजवळून खांब. तेव्हा तिसरा माणूस पाळीवर, इकडचा आवाज तिकडे पोचवायला. शब्द त्यांनी जाळ्यातलेच घेतले होते. लांब "सोऽऽड" म्हणजे करंट सोड. "काढ" म्हणजे वायर काढ. "काढ" झालं, पलीकडून "काढली" असं उत्तर आलं, की भाऊ पाण्यात उतरून मासे वेचायचा. आणि तुटका "सोड" म्हणजे आज पुरे, वायर गुंडाळ, चल घरी.

पाळीवर रोज वहिनी असायची. त्या दिवशी ती तेंदूपत्त्याच्या फडीवर, पानांचे पुडे मोजून द्यायला, गेली होती. त्या आठवड्यात शेतीची लाइन दिवसाची होती, म्हणून काम भरदुपारी, गाव झोपलेलं असताना. भाऊ मला म्हणाला, "चाल ना बाई. फक्त आवाज द्याचा आहे."

"मी नाई येत. पकडले तं माई डिग्री जाईन."

"डिग्री कोणी काढून घेते काय? अन् तुले करंटचं सगळं समजते. तुयापेक्षा चांगला माणूस पाळीवर कोण भेटन मले?"

मी गेले. नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. एकटा गेला असता तर जास्त धोका होता, वगैरे. पण गेले ते त्या शेवटच्या वाक्यानं. आमच्या घरात माझ्या शिक्षणाचं कौतुक सगळे करायचे, पण ते कामाचं आहे असं कोणी म्हटलं नव्हतं.

चार वेळा सगळं नीट झालं. भाऊ पाण्याबाहेरून ओरडायचा, मी पाळीवरून पलीकडे ओरडायचे, करंट यायचा, मग काढ, मग काढली, मग भाऊ पाण्यात. मासे थोडेच निघत होते. चौथ्यांदा तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्यानं एक शिंगूर उचलली. मेलेली. पोट अंड्यांनी टम्म. त्यानं ती हातात उलटीपालटी केली. माझ्याकडे न बघता, फार मोठ्यानं नाही, तो म्हणाला, "सोड."

तुटका. मला ऐकू आला आणि मला कळला. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला सवलत देऊ नये. त्या दिवसाचं काम त्यानं सोडलं होतं. कदाचित करंटचं सगळंच सोडलं असेल, ते मला माहीत नाही.

मी पलीकडे वळले. उन्हाळी वारा तोंडावर येत होता. खांब लांब होता. तुटका शब्द लांब जात नाही. लांबच्या माणसाला हाक मारताना तोंड आपोआप ताणलं जातं, आईला हाक मारा, गाईला मारा, शेवटचं अक्षर ओढलं जातंच. पाच वर्षं चंद्रपूरला राहून मी हळू आवाजात बोलायला शिकले होते. पाण्यावरचा आवाज माझ्या गळ्यातून गेला होता. वहिनी तुटका शब्द असेल तेव्हा हात हलवून दोनदा, तीनदा म्हणायची, सोड, सोड, सोड. हे मला नंतर कळलं.

मी तोंडाशी हात धरला आणि ओरडले, "सोऽऽड."

तो शब्द तोंडातून संपायच्या आतच मला समजलं. "काढ, काढ" म्हणून मी किंचाळले तेव्हा त्यानं लगेच वायर काढली. लगेचच काढली. पण पाण्यात जे व्हायचं ते तेवढ्यात झालं. भाऊ ओरडला पण नाही. पाण्याचा आवाज झाला फक्त, जसा कोणी बसल्यावर होतो.

पुढचं सगळं मी सांगत नाही. सावलीच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं. आई आमच्या लहानपणीच गेली होती. बाबा भिंतीला टेकून बसले. वहिनीच्या बोटांना तेंदूच्या पानांचा काळा डाग होता आणि तिनं तो तीन दिवस धुतला नाही.

जबाब घ्यायला हवालदार घरी आले. मी शिकलेली म्हणून मला "मॅडम" म्हणत होते आणि मला ते बरं वाटलं, अशा वेळीसुद्धा. मी म्हटलं, "भाऊ पाण्यात होता. भाऊनं 'सोड' म्हटलं. मग करंट आला." तिन्ही वाक्यं खरी. मध्ये एक माणूस होता तो मी गाळला. त्यांनीही विचारलं नाही. लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. माझी सही चांगली आहे, मोहल्ल्यात सगळे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दोघातिघांनी होळीची मारामारी सांगितली. पोलिसांनी त्या सांगण्याशी माझा जबाब जोडला. माणूस पाण्यात उभा, तो म्हणतो 'सोड', म्हणजे राहू दे, आणि हा करंट लावतो. पूर्वीचं भांडण आहेच. भाऊला मुद्दाम मारलं या कलमाखाली चुलतभावाला नेलं आणि पुढं चंद्रपूरच्या जेलमध्ये टाकलं.

त्याला नेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी बाबांना सांगितलं. जे झालं ते सगळं, शब्दाची लांबी धरून. बाबा जाळ्यातले, त्यांना एका वाक्यात कळलं. ते उठून बाहेर कोणी नाही ना बघून आले. मग म्हणाले, "कोणाले सांगू नको."

"बाबा, त्याचा काई कसूर नाई."

"करंटची वायर त्यानं लावली का नाई? रोज लावत होता का नाई? मंग भोगू दे थोडंसं. सुटन थो."

"खुनाचं कलम आहे, बाबा."

"अन् तू सांगतलं तं तुयावर कोणतं लागन?" ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "एक गेला. सात पिढ्यात एक पोरगी शिकली, ते पण जेलात घालू काय? मी पाण्यात मरमर मेलो ते याच्यासाठी काय?"

मी गप्प बसले, आणि गप्प बसणं सोपं होतं. पंधरा दिवस गप्प बसले.

सेमिनार होता म्हणून चंद्रपूरला गेले. सर म्हणाले होते, पुढं ढकलू. मी नको म्हटलं. मला वाटलं उभी राहीन, बोलेन, डोकं ताळ्यावर येईल. अर्ध्यापर्यंत चांगलं बोलले. मग एक मुद्दा आला जो मी महिन्याभरापूर्वी स्वतः लिहिला होता, भाऊ शेजारी बसून बिडी ओढत असताना. मुद्दा असा: आवाज पाण्यातून किंवा हवेतून जातो तेव्हा तो आदळतो, घुमतो, ताणला जातो, त्याचा आकार बिघडतो. विजेचा ठोका लांब जात नाही, लवकर विरतो, पण जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत आपल्या आकारातच पोचतो. आखूड तो आखूड, लांब तो लांब. म्हणूनच या माशांमध्ये लांबीला अर्थ येऊ शकला.

मी ते वाचलं आणि पुढं काही सुचेना. सर म्हणाले, पाणी घे. मुलं खाली बघत होती, त्यांना वाटलं भावाच्या आठवणीनं. मी कागद आवरले आणि बाहेर पडले. मार्क कमी पडले. दुसऱ्या दिवशी मी जेलमध्ये भेटीला नाव लावलं.

चुलतभाऊ जाळीच्या पलीकडे आला. दाढी वाढलेली. मला बघून दचकला.

"ताई, तू कायले आली इथी?"

"तुले भेटाले."

"काकाले समजलं तं मारन तुले."

"तू कोणाले सांगतलं नाई, पाळीवर मी होती म्हणून?"

तो जाळीवर नख घासत राहिला. "आवाज आला म्हटलं. कोणाचा, ते त्यायनं इचारलंच नाई."

"अन् इचारलं असतं तं?"

"तू मास्तरीण होणार. मी तं हेल्पर. माया कोणती डिग्री जाणार आहे?" तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. मग तो जाळीशी अगदी जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, एक सांग. खरं सांग. लांबच होता ना? मले लांबच ऐकू आला. पण हे लोक रोज इचारून राह्यले, तुले तुटका ऐकू आला असन, मनात राग होता म्हणून लावला असन. आता मलेच समजून नाई राह्यलं. झोपलो की कधी लांब ऐकू येते, कधी तुटका. मी मुद्दाम तं नाई ना लावला, ताई?"

मी बाबांशी बोलताना जे कलम, जेल, वर्षं मोजत होते, ते सगळं त्या प्रश्नापुढं लहान झालं. हा माणूस एका गोष्टीची साक्ष स्वतःच्या कानाकडे मागत होता आणि कान द्यायला तयार नव्हते. ती साक्ष जगात फक्त माझ्याकडे होती.

"लांबच होता," मी म्हटलं. "भाऊनं तुटका म्हटला. मी लांब केला. तू जे ऐकलं तेच मी बोलली."

त्यानं कपाळ जाळीला टेकलं. शिपाई वेळ झाली म्हणाला तेव्हाही तो तसाच होता.

मी थेट सावलीच्या ठाण्यात गेले. तेच हवालदार. म्हटलं, जबाब बदलायचा नाही, पुरा करायचा आहे. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, सोड तो सोडच ना. लहान काय अन् मोठा काय?"

"फरक आहे. लहान म्हणजे राहू दे. मोठा म्हणजे करंट सोड."

"हे कुठी लिवलं आहे?"

"कुठंच नाही. आमच्या लोकांना माहीत आहे. कोणत्याही ढिवराला विचारा."

"तुमी शिकलेले आहा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर काळजीचा होता. "सोताच्या पायावर धोंडा कायले पाडून घेता? तुमचं नाव येईन याच्यात. नौकरीच्या वक्ताले कॅरेक्टर सर्टिफिकेट लागते."

"लिहा."

त्यांनी लिहिलं, 'सोड'. मी म्हटलं, हे नाही, दोन वेगळे लिहावे लागतील. ते म्हणाले, मग मोठा कसा लिहू? मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि कोऱ्या कागदावर मधे दोन अवग्रह काढून दाखवले. ते बराच वेळ त्या चिन्हाकडे बघत राहिले. "शाळेत संस्कृतच्या पुस्तकात पाह्यलं होतं," म्हणाले. "पोलीस खात्यात पह्यल्यांदा येऊन राह्यलं." मग त्यांनी जपून काढलं. चिन्ह वाकडं आलं, पण आलं. जबाब मी दोनदा वाचला. 'मयताने सोड असे म्हटले. मी सोऽऽड असा आवाज दिला.' मग खाली सही केली.

त्यांनी गावातल्या दोन म्हाताऱ्या ढिवरांना बोलावून विचारलं. दोघांनीही पोलिसांसमोर दोन्ही तऱ्हा म्हणून दाखवल्या. त्यातले एक बाबा होते. बाबा माझ्याविरुद्ध गेले असते तर मी खोटी पडले असते. ते ठाण्यात गेले, दोन्ही शब्द म्हणून दाखवले, परत आले आणि जेवायला बसले.

मुद्दाम मारल्याचं कलम निघालं. चुलतभाऊ जामिनावर सुटला. निष्काळजीपणाचं आता आम्हा दोघांवर आहे, आणि वीजचोरीचं तिघांवर, मेलेल्या भावासकट. माझं नाव दुसऱ्या नंबरवर आहे. ज्या कॉलेजात मला तासिकेवर घेणार होते त्यांनी, केस निकाली निघू द्या, असं सांगितलं. वाईट बोलले नाहीत. मी सध्या मोहल्ल्यातल्या पोरांची शिकवणी घेते. चुलतभाऊ परत ऊर्जानगरला गेला. सणाला येतो तेव्हा माझ्या घरी येऊन बसतो, लोकांना दिसेल असा ओट्यावर बसतो. तरी गाव त्याच्याच घराकडे बघून विचारतं.

राहिली वहिनी. तिला मी स्वतः सांगायचं ठरवलं होतं, पण ठाण्यात लिहिलेली गोष्ट माझ्याआधी गावात पोचली. मी घरी आले तेव्हा ती अंगणात धान पाखडत होती. सुपावरून मान न काढता तिनं विचारलं, "त्यायनं कसं म्हटलं होतं? म्हणून दाखव."

"वयनी..."

"म्हणून दाखव. जसं म्हटलं तसंच."

मी म्हणून दाखवलं. तुटका, हळू, जसा तो शिंगुरीकडे बघत म्हणाला होता तसा. तिचं सूप थांबलं. तिनं डोळे मिटले. मला वाटतं तिनं तो आवाज अंगात घेतला. तो शब्द ऐकून ती इतकी वर्षं पाळीवरून चूल पेटवायला उठली होती. तो आला की नवरा घरी यायचा.

"परत म्हण," ती म्हणाली.

मी परत म्हटलं.

"आता तू कसं म्हटलं होतं, थे म्हण."

मी नाही म्हटलं. ती सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत बसली. शेवटी मी म्हटलं. अंगणात, तोंडाशी हात न धरता, जेवढा हळू ओढता येईल तेवढा ओढून. शेजारच्या घरातून कोणीतरी बाहेर डोकावलं.

वहिनी उठली. धान तसंच राहिलं. दारात थांबून ती म्हणाली, "मी असती तं तीनदा म्हटली असती." एवढंच. राग नव्हता त्यात. आत गेली आणि कडी लावली नाही, नुसतं दार लोटून घेतलं.

आम्ही अजून एकाच घरात राहतो. ती मला वाढते, मी तिची भांडी घासते. माझ्याशी ती कामापुरतं बोलते, आणि बोलताना हा एक शब्द टाळते. मांजरानं मासा तोंडात धरला असला तरी ती त्याला "ठेव" म्हणते, गाय खुंट्यावरून मोकळी करायची असली तरी "उकल" म्हणते. मीही तो शब्द वापरत नाही. केसची तारीख लागली की वकील सांगतात, कोर्टात तुम्हाला उभं करून विचारतील, नेमकं कसं म्हटलं ते दाखवा. दाखवीन. त्या दिवशी वहिनीनं तिथं बसू नये, एवढंच मी बाबांना सांगून ठेवलं आहे. बाबा म्हणाले, ती तर आत्तापासूनच कोर्टात चला म्हणते आहे.